वरच्या मजल्यावर कोणी राहत नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे, सासूबाईंना चुकीचं माहीत होतं, मुलीला काहीच माहीत नाही. लिहायला बसले तेव्हा सवयीनं आधी मुद्दे काढायला घेतले – आणि हात थांबला. कारण तेव्हाही मी मुद्देच काढले होते. नीट, ओळीनं, आकडे घालून.

मी याद्या करणारी बाई आहे. कारंज्यातल्या एका हायस्कुलात चोवीस वर्षं मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवते. शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे, सहलीच्या सामानाची यादी माझ्याकडे, स्नेहसंमेलनात कोणी काय करायचं ते माझ्याकडे. घरीसुद्धा किराणा, दुधाचे खाडे, गॅस कधी लावला – सगळं वहीत. "मॅडमच्या वहीत आहे ना, मग झालंच समजा," असं स्टाफरूममध्ये म्हणतात. मला ते आवडतं. अजूनही आवडतं.

त्यातच एक वही मतांची आहे. हसू नका. राज्यात कुठलाही वाद पेटला की मी त्यावर माझं मत लिहून ठेवते. डावीकडे मुद्दा, मधे मत, उजवीकडे कारण. वेगळा विदर्भ – हवा. आमचा कापूस इथे पिकतो आणि निर्णय तिकडे होतात. दारूबंदी – हवी, पण नुसत्या कागदावर नको. पहिलीपासून तिसरी भाषा – नको, पोरांना आधी मराठी वाचू द्या. आरक्षण – हवं. जोवर आडनाव ऐकून माणसाचा चेहरा बदलतो, तोवर हवं. आंतरजातीय लग्न – काही हरकत नाही.

हे शेवटचं लिहिताना पेन जरा अडलं होतं, हेही सांगून टाकते.

ही मतं मी लपवून ठेवली नाहीत. वर्तमानपत्राला पत्रं पाठवली, दोन-चार छापूनही आली. शाळेत चौदा एप्रिलचं भाषण दरवर्षी माझंच. पोरं टाळ्या वाजवायची, आणि भाषण संपवून खाली उतरले की पहिला हात सुजाता तायडे पुढे करायची.

सुजाता आमच्या शाळेत विज्ञान शिकवायची. घर कामरगावला. रोज एसटीनं किंवा जीपनं ये-जा. नवरा लवकर गेला. ती आणि मुलगी प्रज्ञा. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी एकाच बाकावर डबा उघडायचो. तिच्या डब्यातला ठेचा मी पंधरा वर्षं खाल्ला. तिच्या हाताचा, तिच्या घरचा. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं सगळं करताना मी स्वतःला हेच सांगत होते – अगं, तू तर तिच्या डब्यातलं खातेस!

आमची जात मी इथे सांगणार नाही. सांगितली तर तुमच्यातले अर्धे म्हणतील, हो, ते तसेच असतात. आणि उरलेले निवांत होतील. न सांगण्यात माझीही सोय आहे, तेही खरंच.

आठ वर्षांपूर्वी आम्ही घरावर मजला चढवला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, समोर गॅलरी, जिना बाहेरून. किरायानं द्यायचा म्हणूनच बांधला. रंग सुकला तशी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं – चांगलं कुटुंब असेल तर कळवा. चांगलं म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं स्वतःला?

जूनमध्ये सुजातानं मला शाळेच्या जिन्यात गाठलं. प्रज्ञा बारावीला होती. मेडिकलच्या परीक्षेचा क्लास सकाळी साडेसहाला, आणि क्लास आमच्या घराच्या मागच्याच गल्लीत.

"मॅडम, येकच वर्ष पाह्यजे. पोरीले सकाळी जीप भेटत नाही हो येळेवर. तुमचा वरचा मजला –"

"अहो, कालच दिला!"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत. कालच. एवढा नेमका दिवस माझ्या तोंडात कुठून आला? मी विचार करून खोटं बोलले असते तर निदान अडखळले असते.

"अकोल्याचं जोडपं आहे," मी म्हणाले, "तो बँकेत आहे."

"असू द्या मॅडम. नशीब त्यायचं," ती म्हणाली आणि तासाला गेली.

वर कोणी राहत नव्हतं. खोल्यांना अजून रंगाचा वास येत होता.

इथेच हे संपलं असतं तर कदाचित मी लिहायला बसले नसते. एक खोटं, तेही घाईतलं – कोण बोलत नाही? पण मला कामं अर्धवट सोडायची सवय नाही. सुजाता रोज संध्याकाळी बसस्टँडकडे जाताना आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे वसाहतीच्या, रस्त्यानंच जायची आणि रस्त्यावरून वरची गॅलरी स्वच्छ दिसायची. रिकामी गॅलरी. मग मी काय केलं असेल?

मी गॅलरीत दोरी बांधली आणि कपडे वाळत घातले. आमचेच. नवऱ्याचे जुने शर्ट, दोन चादरी, शाळेत कधी न नेसलेल्या माझ्या साड्या. तेच तेच दिसू नये म्हणून आठवड्याचं वेळापत्रक केलं. हो, वहीत. सोमवारी निळा शर्ट आणि चादर, मंगळवारी हिरवी साडी, बुधवारी फक्त टॉवेल, कारण नोकरदार माणसं रोज एवढं कुठे धुतात? शाळेतून घरी येऊन चहा टाकायच्या आधी मी वर जायची, कोरडे कपडे ओले करायची, पिळायची आणि टांगायची. सुजाता खालून गेली की काढून आणायची. नवऱ्यानं दोनदा पाहिलं. "काय करून राह्यली तू?" म्हणाला. मी म्हटलं, वरच्या गॅलरीत ऊन चांगलं येतं. संध्याकाळी पाच वाजता.

त्यालाही मी एवढंच सांगितलं होतं की तायडे मॅडमनं वरचा मजला विचारला होता, पण त्यांना दुसरीकडे घर मिळालं. म्हणजे अर्धं.

तिला मिळालं नव्हतं. ती जुलैभर घरं शोधत होती आणि मधल्या सुट्टीत त्याचे किस्से सांगायची, हसत हसत. "पह्यले म्हन्ते रूम खाली हाय. मंग म्हन्ते, तायडे म्हंजे कोनते तायडे? सांगतलं का पाच मिनटांत रूम भरून जाते पाहा. असी फास्ट किरायादारी तं मुंबईतबी नसन!" सगळे हसले. आणि मी – माझा आवाज सगळ्यांच्या वर होता – मी म्हणाले, "शी! कसे असतात हो लोक!"

हे वाक्य मी ठेच्याचा घास हातात धरून बोलले.

ऑगस्टपासून प्रज्ञा पहाटेच्या जीपनं येऊ लागली. जीप भरेपर्यंत निघायची नाही, त्यामुळे क्लासचा पहिला अर्धा तास बुडायचाच. पावसात कधी यायचीच नाही. आणि मला मात्र माझ्या जोडप्याला जगवत ठेवायचं होतं. सुजाता विचारायची – स्वभावानं कसे आहेत? बाई काय करते? मग मी सांगत गेले. बाई यवतमाळकडची आहे, गोरी आहे, बोलत नाही फारशी. एके दिवशी तिनं विचारलं, "दिसत नाही हो कधी गॅलरीत?" आणि माझ्या तोंडून निघालं, "दिवस गेलेत तिला, सातवा लागलाय. आराम सांगितलाय."

आता पोटुशी बाई म्हटलं की पुढचं सगळं ओघानं आलंच. बाळंतपणाला ती माहेरी गेली. दिवाळीनंतर सुजातानं विचारलं, "काय झालं मंग? पोरगं का पोरगी?"

"मुलगी," मी म्हणाले.

चारच दिवसांनी तिनं डब्याच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. झबलं आणि टोपरं. जुन्या मऊ सुती कापडाचं, कडेनं निळ्या दोऱ्याचा बारीक टाका, टोपऱ्याला बंद. सुजाताच्या हाताला शिवणाचं वळण होतं.

"देजा तुमच्या किरायादारनीले," ती म्हणाली. "थंडी पडून राह्यली."

मी ते घेतलं. थँक्यू म्हणाले. तिच्या डोळ्यांत मी पाहिलं नाही, म्हणून तिला माहीत होतं की नव्हतं, हे मला कळलं नाही. पुढची कितीतरी वर्षं मी त्यावर विचार केला. तिला खरं वाटत असेल, तर मी कोण? आणि तिला ठाऊक असेल – तर ती कोण? दोन्ही उत्तरांत मी सारखीच लहान होते, पण तरी मी हिशेब करत राहिले.

डिसेंबरात प्रज्ञानं क्लास सोडला. ती डॉक्टर झालीच असती, असं मी म्हणणार नाही. दरवर्षी त्या क्लासातून किती पोरं परीक्षेला बसतात आणि किती जणांचा नंबर लागतो, ते मला माहीत आहे. माझ्या एका खोट्यानं तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं म्हणणं, ही आणखी एक ऐट झाली. एवढंच खरं की क्लास मागच्या गल्लीत होता, वर दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि ती मुलगी चार महिने अंधारात जीपची वाट पाहत उभी राहत होती.

त्याच हिवाळ्यात स्टाफरूममध्ये आरक्षणावरून मोठं भांडण झालं. ते दिवस तुम्हाला आठवत असतील – अजून कुठे संपलेत? मोर्चे, उपोषणं, याला द्या, त्याचं काढू नका. वर्षानुवर्षं एका टेबलावर चहा पिणारी माणसं आडनावांप्रमाणे वेगळ्या खुर्च्यांवर बसायला लागली होती. एक सर म्हणाले, "यायले काय, कमी मार्कातबी भेटते. मरन आपलं हाय." मी ताडकन उठले. मी बोलले ते आजही शब्दन्शब्द आठवतं. संधी म्हणजे नुसती जागा नव्हे, म्हटलं. घर, दिवा, शांत खोली, वेळेवर पोचणं – यातलं काहीच ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांच्या मार्कांची तुलना तुम्ही कशाशी करता? सर चहाचा कप घेऊन बाहेर गेले. मी जिंकले होते.

सुजाता कोपऱ्यात उत्तरपत्रिका तपासत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लय चांगलं बोलता हो मॅडम तुमी." मग पुन्हा मान खाली.

मे महिन्यात तिनं संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली मागून घेतली. ती शाळा कामरगावच्या जवळ. मी निरोप समारंभाची यादी केली. भाषणही मीच केलं.

पण मी अजून मूळ गोष्टीला हात घातलेला नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. का केलं?

ज्या दिवशी मी 'कालच दिला' म्हणाले, त्याच संध्याकाळी वहीत कारणं लिहिली होती. पानच समोर आहे. सासूबाईंचं देवधर्माचं कडक आहे. उन्हाळ्यात बोअरचं पाणी दोन कुटुंबांना पुरत नाही. सहकाऱ्याला किरायानं दिलं की संबंध बिघडतात. आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ, मुलीच्या अभ्यासात व्यत्यय येईल. पाचवं कारण मी अर्धंच लिहून सोडलं आहे, त्यामुळे ते काय होतं ते आता मलाही सांगता येत नाही.

यातलं पहिलं मी सगळ्यांत जास्त वापरलं. स्वतःशीच. मी काय करू, घरात म्हातारं माणूस आहे. मला काही नाही, पण त्यांना चालणार नाही. आणि एके दिवशी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा सहज म्हणाल्या, "सूनबाई, ते तायडे बाई येनार होती ना आपल्या वरते? पोरानं सांगतलं मले. काहून नाही आली?"

"तिला दुसरीकडे मिळालं, आई."

"असं व्हय. आली असती तं बरं झालं असतं. तुमी दोघं जाता निंघून, मले दिवसभर कोनी बोलाले नाही. तिच्या पोरीसंगं बोलली असती मी."

मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. त्या कारणांमधल्या एकाही माणसाला मी विचारलं नव्हतं. दोन वर्षांनी त्या गेल्या, आणि त्यानंतरही काही दिवस मी मनातल्या मनात त्यांचंच नाव पुढे करत होते. मेलेलं माणूस नाही म्हणत नाही, हे किती सोयीचं.

कारण हे होतं. जिन्यात सुजाता 'वरचा मजला' म्हणाली, त्याच क्षणी मला आमच्या घराचा पुढचा भाग दिसला. वर गॅलरीत निळा झेंडा. आतल्या भिंतीवर, चौदा एप्रिलला ज्यांच्यावर मी भाषण करते त्यांचा फोटो, आणि तो रस्त्यावरून दिसतोय. आणि खाली उभे असलेले पाहुणे – पुढच्या एक-दोन वर्षांत माझ्या मुलीला, नेहाला, पाहायला लोक येणारच होते – ते वर बघून विचारतायत, वर कोण राहतं? आणि मी उत्तर देतेय. मला त्या उत्तराची लाज वाटली. किळस नव्हती, किळस असती तर डबा कसा खाल्ला असता? मला लाज वाटली. डब्यातला ठेचा शाळेच्या चार भिंतींत होता. घर रस्त्यावर होतं.

एवढंच आहे ते. पाचवं कारण मी लिहून पुरं केलं असतं, तर हेच लिहिलं असतं.

वही उघडून पाहिली. आरक्षण – हवं. आजही मत तेच आहे, एक अक्षर बदलावंसं वाटत नाही. ते मत खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मजला मी नंतरही कुणाला दिला नाही. नवऱ्यानं खूपदा विचारलं. एकदा जोडपं तिथे राहून गेल्यावर – म्हणजे सुजातापुरतं – दुसऱ्या कुणाला ठेवणं मला जमेना. खोल्या तशाच आहेत. दोरीही.

यंदा जनगणनेआधी घरांची यादी करायला सरकारी माणसं फिरत होती, ती तुमच्याकडेही येऊन गेली असतील. आमच्या ले-आऊटला एक मुलगी आली. खांद्यावर पिशवी, हातात मोबाईल, डोक्याला ओढणी बांधलेली. फाटक उघडून म्हणाली, "नमस्ते काकू. ओयखलं काय? मी प्रज्ञा. तायडे बाईची."

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली आहे. मी आत ये म्हणाले, पाणी आणलं. तिनं पिशवीतली बाटली दाखवली – "पानी हाय माह्यापाशी" – आणि प्रश्न विचारायला लागली. भिंत कशाची, छत कशाचं, नळ आत का बाहेर. पटापट, ओळीनं. चांगली शिक्षिका असणार ती.

"वरते कोन राह्यते?"

"कोणी नाही. रिकामं आहे."

"वेगळा दरवाजा हाय तं वेगळा नंबर टाकाव लागन." ती जिना चढली, मी तिच्यामागे. तिनं दारावर लाल खडूनं आकडा लिहिला. मग गॅलरीतल्या दोरीकडे पाहिलं. दोरीवर दोन चिमटे होते, ऊन लागून पांढरे पडलेले.

"हे फारमात नाही काकू, आसंच पुसते. इथं कधी कोनी राह्यलं काय?"

आठ वर्षं मी या प्रश्नाची तयारी केलेली होती. अकोला, बँक, यवतमाळ, मुलगी. सगळं पाठ.

"नाही," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली. "आईले तवाच म्हाईत होतं. मंगयवारची हिरवी साडी. तुमी दोघीनं संगंच घेतली होती ना, गॅदरिंगले? आईपाशी हाय अजून."

मी ती साडी शाळेत एकदाच नेसले होते, त्या गॅदरिंगला. वेळापत्रक करताना मला ते आठवलंच नव्हतं. पण मला साडीचं काही वाटलं नाही. मी झबल्याचं विचारलं. माहीत होतं तर मग तिनं ते शिवलं का?

प्रज्ञा मोबाईलवर बोट फिरवत होती. वर न बघता म्हणाली, "मीबी तेच पुसलं होतं तिले. कायले शिवतं म्हटलं, लेकरूच नाही तं. तं आई म्हने, मॅडमले ते कोनाले देता येनार नाही, न् फेकताबी येनार नाही. राहू दे त्यायच्यापाशी."

मग तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला, कुटुंबप्रमुखाचं नाव बरोबर आहे का विचारलं, आणि शेजारच्या घराकडे गेली.

झबलं माझ्या कपाटात आहे, वरून दुसऱ्या कप्प्यात, मुलीच्या लग्नाच्या अल्बमखाली. घरातल्या प्रत्येक वस्तूची माझ्याकडे यादी आहे. त्यात ते कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.